लीग २०१४ च्या नियमांवरून २०२४ वर नेताना खेळाडू नाराज: काय धरावं, काय सोडावं?

वाशी_टेबल_दोन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वाशी-नेरूळ भागात डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेक पात्र चालवत खेळायचा खेळ) एक छोटी लीग चालते, तिच्या नियमांबद्दल सल्ला हवा आहे. तीन टेबलं, महिन्यातून दोन रविवार, चार तासांचा स्लॉट, टेबलाला पाच-सहा खेळाडू. डी अँड डीच्या अधिकृत ॲडव्हेंचरर्स लीगशी जोडलेली नाही, पण चौकट तिचीच आहे. कॅरेक्टर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेता येतं, प्रत्येक सेशन लॉगशीटवर लिहायचं, स्टॅट (स्ट्रेंग्थ, डेक्स वगैरे सहा क्षमतांचे आकडे) २७ पॉइंटांत बसवायचे किंवा १५-१४-१३-१२-१०-८ असे लावायचे. आतापर्यंत सगळं २०१४ च्या नियमांवर. कॅरेक्टर लेव्हल २ ते ८ मधली.

जूनच्या हंगामापासून २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकवर जायचं ठरलं. त्याच मेसेजमध्ये मॅजिक आयटमची मर्यादाही जाहीर झाली: पहिल्या टिअरला (लेव्हल १ ते ४) १, दुसऱ्या टिअरला (लेव्हल ५ ते १०) ३. ग्रुपवर तेव्हापासून वाद पेटलाय. पॅलॅडिन क्लासवाले स्माइटवरून (फटक्यावर जादा इजा), धनुर्धारी फायटर शार्पशूटर या फीटवरून (फीट म्हणजे निवडून घेतलेलं खास कसब), ड्रुइड कॉन्जर ॲनिमल्सवरून (प्राण्यांचा कळप बोलावणारा स्पेल) नाराज. लेव्हल २ च्या हेक्सब्लेड सबक्लासच्या (क्लासमधली उपशाखा) वॉरलॉकचं काय करायचं ते कोणालाच माहीत नाही. एका लेव्हल ८ च्या ड्रुइडकडे पाच आयटम आहेत. चौघांनी 'आम्ही थांबतो' असं कळवलंय, आणि बरेच जण नवीन पुस्तक विकत घ्यायला तयार नाहीत.

प्रश्न असे: कोणते आक्षेप मान्य करावेत? जुनी कॅरेक्टर नवीन नियमांत नेमकी कशी आणायची? दोन्ही प्रकारची कॅरेक्टर एका टेबलावर बसली तर काय बिघडतं? आणि पुस्तकाचा खर्च कसा टाळायचा?


घोडबंदर_डीएम

आधी आक्षेप वेगळे करा. एक प्रकार म्हणजे 'माझं अमुक आता पूर्वीसारखं चालत नाही'. दुसरा म्हणजे 'मी खेळून मिळवलेलं तुम्ही काढून घेताय'. पहिल्या प्रकारची नाराजी तीन-चार सेशनमध्ये निवळते, कारण नवीन क्लासमध्ये जवळपास प्रत्येकाला बदल्यात काही ना काही मिळालंय आणि ते खेळताना कळतं. दुसऱ्या प्रकारची निवळत नाही, माणूस उठून जातो. तुमच्या यादीत स्माइट, शार्पशूटर, कॉन्जर ॲनिमल्स हे पहिल्यात मोडतात. आयटमची मर्यादा दुसऱ्यात. मागे घ्यायचंच असेल तर ती मर्यादा घ्या, नियम घेऊ नका.

ॲडव्हेंचरर्स लीगमध्ये हे सगळं मोठ्या पातळीवर होऊन गेलंय, आणि त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हा एक्सपी (अनुभवाचे गुण) मोजायचे, सापडलेलं सोनं वाटून घ्यायचं आणि मॅजिक आयटम टेबलावर एकालाच मिळायचा. दोघांना हवा असेल तर ज्याच्याकडे कायमस्वरूपी आयटम कमी त्याला, तरीही बरोबरी झाली तर फासा टाकून. यात दोन दुखणी होती. एकच हत्यार तिघांना हवं असलं की टेबलावर कुरबुर व्हायची. आणि अमुक मॉड्यूलमध्ये (तयार साहसकथेत) अमुक आयटम निघतो हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे लोक गोष्टीसाठी न येता आयटमसाठी येऊन बसायचे.

ऑगस्ट २०१८ मध्ये आठव्या हंगामाबरोबर सगळं बदललं. एक्सपी गेले, त्यांच्या जागी ॲडव्हान्समेंट चेकपॉइंट आले: खेळाच्या तासाला एक, पहिल्या टिअरमध्ये चार जमले की लेव्हल, त्यापुढे आठ जमले की लेव्हल. आयटमसाठी वेगळे ट्रेझर चेकपॉइंट. सापडलेला आयटम टेबलावरच्या प्रत्येकाला 'खुला' व्हायचा, मग पॉइंट साठवून ज्याने त्याने घ्यायचा. वर सांगितलेली दोन्ही दुखणी यात बऱ्यापैकी मिटली, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच झटक्यात मॉड्यूलमध्ये सापडणारं सोनं खिशात टाकणं बंद केलं आणि लेव्हल वाढली की ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. पहिल्या टिअरला ती लेव्हलमागे ७५ नाणी होती. आता हिशेब करा. विझार्डला सापडलेला स्पेल वहीत उतरवायला स्पेलच्या लेव्हलमागे ५० नाणी लागतात. रिव्हिव्हिफाय या जिवंत करणाऱ्या स्पेलला ३०० नाण्यांचा हिरा लागतो. एका मेलेल्या सोबत्याला उठवायचं तर चार लेव्हलची कमाई गेली. खेळाडू भडकले ते इथे. ड्रॅगनच्या गुहेत ढीगभर सोनं पडलंय आणि तुम्ही ते उचलू शकत नाही, हे कथेतही पटत नाही आणि वहीतही.

पुढच्याच वर्षी, २०१९ च्या नवव्या हंगामात, चेकपॉइंट गुंडाळले. ॲडव्हेंचर पूर्ण झालं की हवी असेल तर लेव्हल घ्या, नको असेल तर थांबा. सापडलेलं सोनं आणि आयटम परत ठेवता यायला लागले, फक्त टिअरनुसार मर्यादेत: आयटम १, ३, ६, १०. तुमचे १ आणि ३ हे आकडे तिथूनच आलेले दिसतात. आकडे वाईट नाहीत. पण ते नियमबदलाच्या त्याच मेसेजमध्ये आणि आधीच मिळवलेल्या आयटमांना लावणं चुकीचं आहे. आठव्या हंगामाने जे केलं तेच हे आहे: चांगली सुधारणा आणि वजाबाकी एकाच दिवशी. मग सुधारणेचं श्रेय कोणी देत नाही.


लॉगशीट_हवीच

कॅरेक्टर कसं बदलायचं ते सविस्तर लिहितो, कारण निम्मी भांडणं इथल्या गोंधळातून होतात.

शेवटचे स्टॅट घेऊन बसू नका, मूळ २७ पॉइंटांपर्यंत मागे जा. जुन्या नियमांत वाढ रेसमुळे मिळायची, नवीन नियमांत बॅकग्राउंडमुळे मिळते: बॅकग्राउंडने दिलेल्या तीन क्षमतांपैकी एकीला २ आणि दुसरीला १, किंवा तिन्हींना १-१. बेरीज कायम ३. हाफ-एल्फ आणि माउंटन ड्वार्फला पूर्वी ४ मिळायचे, साध्या माणसाला ६. या लोकांना घट दिसणारच, आणि ती कुठे दिसते ते आधी सांगितलं तर ओरड होत नाही.

उदाहरण म्हणून लेव्हल ५ चा हाफ-एल्फ पॅलॅडिन घ्या. मूळ स्टॅट स्ट्रेंग्थ १५, डेक्स १०, कॉन १३, इंट ८, विझ्डम १०, करिष्मा १५. जुन्या रेसने करिष्मा १७, स्ट्रेंग्थ १६, कॉन १४ झालं होतं. आता नोबल बॅकग्राउंड घेतलं तर ते स्ट्रेंग्थ, इंट आणि करिष्मा यांनाच वाढ देतं. करिष्मा १७, स्ट्रेंग्थ १६ जमतं, पण कॉन १३ वर राहतं. मॉडिफायर (क्षमतेवरून मिळणारी भर) एकाने उतरला, म्हणजे लेव्हल ५ ला पाच हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) कमी. उपाय सोपा आहे: २७ पॉइंट नव्याने वाटू द्या. विझ्डम १० वरून ८ वर आणलं की दोन पॉइंट सुटतात आणि तेवढ्यात कॉन १३ चं १४ होतं. म्हणून बदलाच्या वेळी पॉइंट बाय पुन्हा करायची सूट दिलीच पाहिजे. नाव, क्लास आणि लॉगशीटवरची कमाई तेवढी कायम ठेवायची.

हाफ-एल्फ नवीन हँडबुकात नाही म्हणून कॅरेक्टर बाद होत नाही. जुन्या पुस्तकातली रेस वापरता येते, फक्त तिची स्टॅटची वाढ सोडून द्यायची. जुनं बॅकग्राउंड ठेवायचं असेल तर त्याला वरच्या प्रमाणात वाढ आणि एक ओरिजिन फीट जोडायची. व्हेरिएंट ह्यूमनकडे मात्र नीट बघा. लेव्हल १ ला घेतलेली शार्पशूटर, ग्रेट वेपन मास्टर किंवा पोलआर्म मास्टर आता तिथे चालत नाही. या जनरल फीट झाल्यात, लेव्हल ४ शिवाय मिळत नाहीत. पण लेव्हल ४ ला घेतली की सोबत क्षमतेत १ ची वाढही मिळते, आणि माणसाला लेव्हल १ ला आता दोन ओरिजिन फीट मिळतात: एक बॅकग्राउंडची, एक स्पीशीजची (जुन्या भाषेत रेस). सगळं मांडून दाखवलं तर तक्रार राहत नाही.

सबक्लास सगळ्यांना लेव्हल ३ ला. लेव्हल ३ आणि वरच्यांना फरक पडत नाही, लेव्हल १-२ वाल्या क्लेरिक, सॉर्सरर, वॉरलॉक, विझार्ड, ड्रुइडना पडतो. क्लेरिकचं बरं आहे: डोमेनमधून मिळणारं हेवी आर्मर आता लेव्हल १ च्या डिव्हाइन ऑर्डरमध्ये प्रोटेक्टर निवडून मिळतं. तुमच्या हेक्सब्लेडचं खरंच अवघड आहे. करिष्म्याने तलवार चालवणं जात नाही, पॅक्ट ऑफ द ब्लेड आता लेव्हल १ ला इन्व्होकेशन (वॉरलॉकने निवडायची शक्ती) म्हणून घेता येतं. पण मीडियम आर्मर आणि ढाल हेक्सब्लेडची होती. स्केल मेल, डेक्स १४ आणि ढाल धरून एसी (बचावाचा आकडा, जास्त असला की फटका लागणं अवघड) १८ होता. स्टडेड लेदरवर तोच १४ येतो. समोर उभं राहून लढणाऱ्यासाठी हे फार आहे. माझं मत: बदलाच्या दिवशी लेव्हल ३ च्या खालच्या सगळ्यांना सरळ लेव्हल ३ वर आणा. तुमच्याकडे पहिल्या टिअरमध्ये सेशनला लेव्हल मिळत असेल तर हे एक-दोन सेशनचं दान आहे, आणि अडचण मुळातूनच जाते. जुना सबक्लास नवीन क्लासला लावता येतो, त्याची लेव्हल १-२ ची वैशिष्ट्यं लेव्हल ३ ला मिळतात.

शेवटचं म्हणजे जुनी लॉगशीट फेकू नका. तिच्याखाली आडवी रेघ मारून 'या तारखेला २०२४ नियमांत रूपांतर' असं लिहा, डीएमची (खेळ चालवणाऱ्याची) सही घ्या आणि पुढे तेच पान चालू ठेवा. कोणत्या सेशनला काय मिळालं हे उद्या कोणी विचारलं तर उत्तर एकाच जागी असतं.


खारघर_ड्रुइड

लॉगशीटबद्दल पूर्ण सहमत. मात्र 'पहिल्या प्रकारची नाराजी निवळते' यावर घोडबंदर_डीएम यांनी थोडं घाईने लिहिलंय असं वाटतं. पॅलॅडिनचा हिशेब बघा. लेव्हल ५ ला दोन हल्ले, दोन्ही लागले, दोन्हींवर लेव्हल २ चे स्पेल स्लॉट (जादूचा मोजका साठा) ओतले तर ६डी८ (आठ बाजूंचे सहा फासे) जास्त, सरासरी २७. आता स्माइट हा स्पेल आहे, बोनस ॲक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) लागते, टर्नला एकच. म्हणजे ३डी८, सरासरी साडेतेरा. त्यात शत्रू काउंटरस्पेल (स्पेल अडवणारा स्पेल) टाकू शकतो आणि सायलेन्समध्ये स्माइट होत नाही. ले ऑन हँड्स (जखमा बऱ्या करणं) बोनस ॲक्शनवर आलं हे छान, पण ते आणि स्माइट एकाच टर्नमध्ये बसत नाहीत. शार्पशूटरचंही तसंच: उणे ५ घेऊन प्रत्येक बाणावर १० जास्त, दोन बाणांवर २०, तो भाग पूर्णच गेला. ज्याने त्या एका फटक्यासाठी कॅरेक्टर उभं केलं त्याला 'वेपन मास्टरी (हत्यारागणिक मिळणारी नवी करामत) मिळाली ना' सांगून भागत नाही.

अशा खेळाडूला क्लास बदलायची सूट द्या. त्याच लेव्हलवर, त्याच लॉगशीटवर, तेच नाव किंवा नवीन नाव. शार्पशूटरवाला रेंजर होऊ दे, पॅलॅडिनवाला फायटर होऊ दे. लीगला यात तोटा काहीच नाही. मुदत मात्र ठरवा: बदलानंतरच्या दुसऱ्या सेशनपर्यंत एकदाच. दुसऱ्या सेशनपर्यंत का, तर नवीन नियमांवर एकदा खेळल्याशिवाय काय खटकतंय ते कळत नाही. कागदावर बघून घेतलेला निर्णय पुष्कळदा बदलावासा वाटतो.

कॉन्जर ॲनिमल्सबद्दल, स्वतः ड्रुइड चालवत असूनही, बदल योग्य आहे असंच म्हणेन. जुन्या नियमांत आठ लांडगे आले की पॅक टॅक्टिक्समुळे (सोबती जवळ असला की हल्ल्याला दोन फासे) फेरीला सोळा डी२०, वर प्रत्येक फटक्याला समोरच्याची स्ट्रेंग्थ सेव्ह (परिणाम टाळण्यासाठीचा फासा). सहा जणांच्या टेबलावर बाकीचे पाच जण फोन काढून बसतात. आता कळप एकत्र फिरतो, जवळ आलेल्याने डेक्स सेव्ह करायची, चुकली तर ३डी१०. चार तासांच्या स्लॉटमध्ये हा फरक फार मोठा आहे.

आयटमवर: मर्यादा हवीच असेल तर 'बाळगायची' मर्यादा ठेवा, 'मालकीची' नको. पाच आयटम लॉगशीटवर राहतील, सेशन सुरू होताना त्यातले तीन निवडायचे आणि वर लिहायचे. अट्यूनमेंट (आयटम स्वतःशी जोडून घेणं) मुळातच तीनवर थांबतं, त्यामुळे दुसऱ्या टिअरमध्ये ताकदीचा फरक वाटतो त्यापेक्षा कमी पडतो. पोशन, स्क्रोल मोजू नका. आणि हे जूनला नकोच, पुढच्या हंगामाला जाहीर करा.


घोडबंदर_डीएम

क्लास बदलायची सूट हा चांगला मुद्दा, मान्य. दोन सेशनची मुदतही बरोबर.


ऐरोली_सोसायटी

पाथफाइंडर सोसायटीच्या (पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची अधिकृत लीग) बाजूने थोडं. त्यांनी दोन वेळा नियम बदलले आणि दोन्ही वेळा वेगळा रस्ता घेतला.

२०१९ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा जुनी कॅरेक्टर बदलून नेलीच नाहीत. नवीन मोहीम, सगळे लेव्हल १ पासून. जुनी कॅरेक्टर जुन्या सिनॅरिओंमध्ये चालूच राहिली, कोणाची काही वजाबाकी झाली नाही. हे स्वच्छ आहे, पण यासाठी दोन्ही प्रकारची टेबलं भरायला माणसं लागतात. नोव्हेंबर २०२३ च्या रीमास्टरला उलट केलं, मोहीम तीच ठेवली आणि नियम तिच्याखाली बदलले. अलाइनमेंट गेलं, स्पेलच्या स्कूल गेल्या, फ्लॅट-फुटेडचं ऑफ-गार्ड झालं. पायाच हललेला नसल्यामुळे हे झेपलं: तीन ॲक्शन त्याच, लेव्हलला १२ एक्सपी तेच, सिनॅरिओला ४ एक्सपी तेच.

तीन टेबलं म्हणजे पंधरा ते अठरा माणसं. त्यातलं एक टेबल '२०१४ वाल्यांचं' म्हणून कायम ठेवलं तर चार-पाच जण उरतील आणि त्या टेबलाचा डीएम एका रविवारी आला नाही की खेळ रद्द. दोन हंगामांत ते टेबल आपोआप बंद पडतं, आणि मग तीच माणसं दुप्पट नाराज. त्यापेक्षा चालू ॲडव्हेंचर जुन्या नियमांवर पूर्ण होऊ द्या आणि मग सगळे एकत्र जा. गोष्टीच्या मध्येच नियम बदलू नका एवढं पाळा.

सोसायटीतली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथे अचीव्हमेंट पॉइंट खेळाडूच्या खात्यात जमतात, कॅरेक्टरच्या नाही. त्यातून दुर्मीळ अँसेस्ट्री (पात्राचा वंश) वगैरे खुल्या करता येतात. हजेरीचा आणि डीएमगिरीचा मोबदला माणसाच्या नावावर असला की कॅरेक्टरला काहीही झालं तरी कमाई शाबूत राहते. पुढच्या नियमबदलाची अर्धी भीती तिथेच जाते.


मानपाडा_इनिशिएटिव्ह

एका टेबलावर दोन्ही प्रकार बसवायचे असतील तर एक भेद पक्का करा: काय कॅरेक्टरचं आणि काय टेबलाचं.

क्लासची वैशिष्ट्यं, फीट, वेपन मास्टरी ही कॅरेक्टरची. सरप्राइज, एक्झॉशन (थकवा), ग्रॅपल (पकडणं), पोशन प्यायला लागणारी ॲक्शन ही टेबलाची, आणि ती सगळ्यांना नवीनच लावा. सरप्राइज म्हणजे आता इनिशिएटिव्हला (लढाईतला क्रम) डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान घ्यायचा), पूर्ण टर्न जात नाही. एक्झॉशनची प्रत्येक पातळी डी२० च्या फाशातून २ वजा करते आणि चाल ५ फुटांनी घटवते. जुन्या कॅरेक्टरवाल्यांना हे लगेच झेपतं.

स्पेल हा वादाचा भाग आहे. एकाच नावाचा स्पेल दोन प्रकारे चालवू नका. एका क्लेरिकचा क्युअर वूंड्स १डी८ आणि शेजारच्याचा २डी८ असं झालं तर पहिल्याच लढाईत टेबल विस्कटतं. काउंटरस्पेल तर दोन वेगळ्याच गोष्टी आहेत: जुना पुरेशा लेव्हलचा असेल तर आपोआप चालतो, नव्यात समोरचा कॉन सेव्ह करतो आणि स्पेल अडला तरी त्याचा स्लॉट वाया जात नाही. म्हणून स्पेल सगळ्यांना २०२४ चेच. एवढं केलं तरी मास्टरी नसलेला जुना फायटर नव्या फायटरशेजारी फिका पडतो, म्हणून मिश्र टेबल ही दोन-तीन सेशनची तात्पुरती सोय समजा.

राक्षसांचंही बघा. २०१४ चे राक्षस नव्या कॅरेक्टरपुढे लवकर पडतात. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले जास्त झोंबतात. लांडग्याचंच उदाहरण: पूर्वी स्ट्रेंग्थ सेव्ह ११ केली की उभे राहता यायचं, आता चावा लागला की मध्यम आकारापर्यंतचा माणूस सरळ आडवा, सेव्हच नाही. जुनं मॉड्यूल चालवताना एकाच लढाईत दोन्ही पुस्तकांतले राक्षस मिसळू नका. निवडा आणि पूर्ण लढाई त्यातच चालवा.

आता वेळ. नवीन नियमांत टेबल हळू होण्याचं सर्वांत मोठं कारण टॉपल ही समोरच्याला पाडणारी मास्टरी. क्वार्टरस्टाफ किंवा मॉलवाल्याच्या प्रत्येक फटक्याला समोरच्याने कॉन सेव्ह करायची, म्हणजे लेव्हल ५ पासून टर्नला दोन जादा फासे. खेळाडूने आपला डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) आधीच काढून (८ + प्रोफिशिएन्सी + हल्ल्याचा मॉडिफायर) कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून डीएमसमोर उभा ठेवावा. हल्ल्याचा आणि डॅमेजचा फासा एकत्र टाकावा. सॅप, व्हेक्स, स्लो या मास्टरींचे परिणाम पुढच्या टर्नपर्यंत लक्षात राहत नाहीत. कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या झाकणाखालची प्लॅस्टिकची रिंग मिनिएचरच्या डोक्यावरून अडकवायची: लाल सॅप, निळी व्हेक्स, हिरवी स्लो. फुकटात होतं आणि विसरणं थांबतं.

पहिल्या दोन सेशनना मॉड्यूलमधली एक लढाई कमी करा. रविवारी मेगाब्लॉक असला तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणारे अर्धा तास उशिरा पोचतात, त्यात लॉगशीट तपासणी धरली तर चार तासांतला एक तास सुरू होण्याआधीच गेला. तपासणी आदल्या आठवड्यात फोटो मागवून करा. टेबलावर फक्त सही.


खारघर_ड्रुइड

पुस्तकाचा प्रश्न राहिला. विकत घ्यायची सक्ती करू नका, गरज नाही. एसआरडी ५.२ हा नियमसंच एप्रिल २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आला. बाराही क्लास, प्रत्येकाचा एक सबक्लास, नऊ स्पीशीज आणि चार बॅकग्राउंड (ॲकोलाइट, क्रिमिनल, सेज, सोल्जर) त्यात आहेत. चॅम्पियन फायटर किंवा डिव्होशन पॅलॅडिन यातून पूर्ण बनतो. परवाना श्रेय देऊन छापायची, वाटायची, भाषांतर करायचीसुद्धा मुभा देतो. म्हणजे आठही मास्टरींची आणि बदललेल्या कंडिशनची मराठी कार्डं करून टेबलावर ठेवायला काहीच हरकत नाही, खाली श्रेयाची ओळ तेवढी टाका. नवीन येणाऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांना याचा फार उपयोग होतो. हँडबुकातला इतर सबक्लास हवा असेल त्याने पुस्तक आणावं किंवा टेबलावरची लीगची एक प्रत बघावी. प्रत्येक टेबलाला एक, अशा तीन प्रती वर्गणीतून पुरतात.


वाशी_टेबल_दोन (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. आयटमची मर्यादा मागे घेतोय, पुढच्या हंगामाला 'बाळगायची मर्यादा' म्हणून वेगळी चर्चेला ठेवू. ग्रुपवर टाकायचा मजकूर असा केलाय, काही राहिलं असेल तर सांगा:

'जूनच्या पहिल्या सेशनपासून लीग २०२४ च्या नियमांवर. चालू ॲडव्हेंचर मे अखेरीपर्यंत जुन्या नियमांवर पूर्ण होतील. कोणाचंही सोनं, आयटम, लेव्हल कमी होणार नाही. लेव्हल १-२ ची सर्व कॅरेक्टर लेव्हल ३ वर येतील. २७ पॉइंट पुन्हा वाटता येतील, बॅकग्राउंड आणि फीट नव्याने निवडता येतील. क्लास एकदाच बदलता येईल, बदलानंतरच्या दुसऱ्या सेशनपर्यंत. जुनी रेस आणि जुना सबक्लास चालेल, स्पेल मात्र सगळ्यांना २०२४ चे. लॉगशीटचा फोटो सेशनच्या आदल्या रविवारपर्यंत पाठवावा. पुस्तक घेण्याची सक्ती नाही, मोफत नियमांची प्रत प्रत्येक टेबलावर असेल.'


लॉगशीट_हवीच

चांगला आहे. दोन भर घाला. जुन्या पुस्तकातल्या फीटचं नाव नवीन हँडबुकात असेल तर नवीनच घ्यायची, नसेल तर जुनी चालेल, हे स्पष्ट लिहा. नाहीतर शार्पशूटरवाला पहिल्याच दिवशी जुन्या पुस्तकाचं पान उघडून बसेल. दुसरं, एकाहून जास्त कॅरेक्टर असलेल्यांनी सगळ्यांची लॉगशीट एकदम पाठवू नये. जून महिन्यात जे खेळणार त्याचीच आधी, बाकीची वापरायच्या आधी. तिघा डीएमवर एकाच आठवड्यात तीस-चाळीस पानं आली तर तपासणी नावापुरती होते.


मानपाडा_इनिशिएटिव्ह

आणि पोशनचं वाक्य टाका: स्वतः पिणं आणि दुसऱ्याला पाजणं, दोन्ही बोनस ॲक्शन. पहिल्या सेशनला प्रत्येक टेबलावर हाच प्रश्न येतो. पडलेल्या सोबत्याला पाजायला त्याच्यापासून ५ फुटांत असावं लागतं, हेही त्याच ओळीत.